धाकटीचा मदरबोर्ड

जावेच्या गळ्यातल्या गंठणाचा हेवा वाटला असता तर मी तो चारचौघींत सांगू तरी शकले असते. मला हेवा वाटला तो तिच्या मदरबोर्डाचा. हे अणदुरात कुणाजवळ बोलायचं? ज्या बायकांबरोबर मी गिरणीत दळणासाठी उभी राहते, त्यांना मदरबोर्ड म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा दिवस गेला असता आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात ते माझ्या सासूबाईंच्या कानावर गेलं असतं. म्हणून पोटात दुखत राहिलं आणि मी ओवा खात राहिले.

आधी माझं सांगते, म्हणजे माझं का जळलं ते कळेल. माझं माहेर मुरूमचं. वडिलांचं तिथं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि सोल्डरिंगच्या धुरात दोन्ही भाषा बंद. आठवीत असताना मी वडिलांपेक्षा बारीक टाका घालत होते. बारावी झाले आणि लग्न होऊन अणदूरला आले. नवऱ्याचा बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ, मागं घर. लग्नाचं शूटिंग तो करायचा, पण त्याचं मिक्सिंग, म्हणजे गाणी, नावं, फुलांच्या पाकळ्या उडवणं, हे सगळं सोलापूरला द्यावं लागायचं. मी आल्यावर एक जुना कॉम्प्युटर घेतला. तो महिन्यात बंद पडला. दुरुस्तीवाला आठ दिवस येईना, तेव्हा मीच उघडला.

तेव्हापासून पंधरा वर्षं स्टुडिओतलं प्रत्येक मशीन मी जोडलं. नवं घ्यायची ऐपत नसली की जुन्याच प्रोसेसरला कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, वर टेबलफॅन लावायचा आणि तापमानाच्या आकड्यावर लक्ष ठेवायचं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात हे मला फार नंतर कळलं. आमच्या घरात त्याला ‘मशीन पळवणं’ म्हणायचे. लग्नसराईत मी एकेक मशीन असं पळवलंय की बाकीचे स्टुडिओवाले कॅसेट-सीडीच्या तारखा पुढं ढकलत असताना आमच्याकडची नवरी सोळाव्या दिवशी आपलं लग्न टीव्हीवर बघत असे.

आणि नाव कुणाचं? नवऱ्याचं. लोक कॉम्प्युटरचं विचारायला यायचे, तो पडद्याआड येऊन मला विचारायचा आणि बाहेर जाऊन सांगायचा. माझीच वाक्यं मी पडद्यामागून त्याच्या आवाजात ऐकायचे. मला त्याचंही फार वाटत नव्हतं. घरात तरी सगळ्यांना माहीत होतं की मशीनमधलं कळतं ते मला. तेवढ्या एका गोष्टीवर मी या घरात थोरली होते.

मग धाकटी आली.

माझ्या दिराची बायको. लातूरची, कॉम्प्युटर इंजिनिअर. लातूरची माणसं आधी टक्के सांगतात, मग नाव, असं आम्ही चेष्टेनं म्हणतो. ही तसली नव्हती, हीच तर पंचाईत. पहिल्या दिवसापासून मला अक्का आणि माझ्या नवऱ्याला दादा म्हणायला लागली. भाकरी येत नव्हती, ती मला विचारून शिकली. स्वयंपाकघर आवरून मग लॅपटॉप उघडायची. बांधायच्या आधीच बंगला कसा दिसेल, दारातून आत गेलं तर काय दिसेल, याची फिल्म ती बिल्डर लोकांना बनवून द्यायची. तिच्यात एखादा दोष सापडला असता तर मला फार बरं वाटलं असतं. मी मनापासून शोधला.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं तिला चाचणीचं काम दिलं. एका मोठ्या वसाहतीची तीन मिनिटांची फिल्म, ठरलेल्या दिवसाच्या आत. ती पसंत पडली तर घरी बसून कायमचं काम मिळणार होतं. नाही पडली तर दिराला पुण्यात नोकरी तयार होती, दोघं जाणार होते. तिला जायचं नव्हतं. सासूबाईंना, आम्ही दोघी त्यांना आत्या म्हणतो, धाकट्या लेकानं जावं असं मुळीच वाटत नव्हतं. माझं काय म्हणणं होतं ते मला कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं.

एवढी फिल्म लॅपटॉपवर वेळेत होणं शक्य नव्हतं. नवं मशीन जोडायचं ठरलं. त्यात एक नाही, दोन ग्राफिक्स कार्डं, दोन्ही जाडजूड, दोघांनी मिळून चित्रं काढायची. शिवाय प्रोसेसर पळवता आला पाहिजे. हे सगळं ज्याच्यावर बसतं तो मदरबोर्ड. तो चुकला की वरचं सगळं वाया. घर बांधताना पाया चुकवल्यासारखं.

बैठकीत सगळे जमले. आत्या पान जुळवत बसल्या होत्या. धाकटीनं बोर्डांची यादी काढली आणि माझ्यापुढं धरली.

“अक्का, तुम्ही सांगा ना, कोणता घ्यावा?”

यादीतले निम्मे बोर्ड मी नुसते फोटोत बघितले होते. पण माझ्या ओळखीच्या कंपनीचा एक त्यात होता, सोलापूरच्या दुकानात मिळणारा. मी त्यावर बोट ठेवलं. “हा घे की. तीन लांब स्लॉट हायेत. दोन कार्डं बसून एक उरतो. महागाच्या नादाला कशाला लागतीस?”

नवऱ्यानं मान डोलावली. दिरानं डोलावली. धाकटी जरा घुटमळली, मग हळूच म्हणाली, “अक्का, तो दुसरा स्लॉट लांब आहे, पण आत सगळ्या लेन नाहीत. पहिल्यात सोळा आहेत. दुसऱ्यात चारच. आणि त्यासुद्धा प्रोसेसरकडं सरळ जात नाहीत, वळसा घेऊन जातात.”

“म्हंजी काय?” आत्यांनी विचारलं. आत्यांना का विचारावंसं वाटलं देव जाणे.

“आत्या, हायवे चौपदरी आहे. पण पुलावर एकच पदर चालू ठेवला तर काय होईल?”

“गाड्या तुंबतील की.”

“तसंच. दिसायला रस्ता रुंदच दिसतो.”

आत्यांना कळलं. नवऱ्याला कळलं. मला तर सगळ्यात आधी कळलं, म्हणून सगळ्यात जास्त झोंबलं. पंधरा वर्षं मी बोर्ड बसवत आले. एकच कार्ड लावत आले. दुसरं लावायची कधी वेळच आली नव्हती, त्यामुळं दुसऱ्या स्लॉटाच्या पोटात किती लेन आहेत हे बघायचीही आली नव्हती. लांब दिसला म्हणजे लांब, एवढंच माझं ज्ञान. ते सासूच्या समोर उघडं पडलं, आणि तेही एवढ्या गोड आवाजात की रागवायचीही सोय नाही.

ती थांबली असती तरी चाललं असतं. तिनं बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा कार्डाच्या जाडीइतका चिकटवून आणला होता. बोर्डांचे फोटो खऱ्या मापात छापून आणले होते. माझ्या बोर्डाच्या पहिल्या स्लॉटावर तिनं तो पुठ्ठा ठेवला तर दुसरा स्लॉट अर्धा झाकून गेला. दुसरं कार्ड बसलंच नसतं. मग तिनं आणखी दाखवलं: काही बोर्डांत दुसरी एसएसडी, म्हणजे फिल्म साठवायची पट्टी, चुकीच्या जागी लावली की ती कार्डाच्याच लेन खाते, आणि हे पुस्तिकेत बारीक अक्षरात शेवटी लिहिलेलं असतं. तिनं सगळ्या पुस्तिका वाचल्या होत्या. मी आजवर पुस्तिकेवर चहाचा कप ठेवत आले.

“आपल्या स्टुडिओच्या मशीनचंबी जरा बघून सांग बरं,” नवरा तिला म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्टुडिओचं मशीन! माझ्या हातचं! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

शेवटी यादीत दोन बोर्ड उरले. दोन्हींत दोन्ही स्लॉटांना आठ-आठ लेन, दोन्हींत मधे पुरेशी जागा. तेव्हा ती पुन्हा माझ्याकडंच वळली. “यांच्यातलं मला ठरवता येईना अक्का. कंपनीवाले एसीत बसून मोजतात. आपल्याकडं वर पत्रा, मे महिना, त्यात मशीन पळवायचं. कोणता टिकेल?”

हे मात्र मला ठाऊक होतं. प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग त्याच्या कडेला असतात, त्यांच्यावर धातूचा ठोकळा असतो. मशीन पळवलं की पहिल्यांदा तापतं ते तिथं. दोन बोर्ड तिथंच जळून माझ्या हातात मेले होते. त्या दोन फोटोंतल्या एकावर खरा, खाचा पाडलेला जाड ठोकळा होता आणि दुसऱ्यावर पातळ पत्र्यावर चकचकीत प्लास्टिक. मला एका नजरेत दिसलं.

“मला काय कळतंय त्यातलं,” मी म्हणाले. “तूच बघ.”

आणि तिनं बघितलं, आणि बरोबर तोच निवडला. तेवढी चूकसुद्धा तिनं माझ्यासाठी केली नाही.

बोर्ड आला त्या दिवशी ती म्हणाली, “अक्का, तुम्हीच बसवा. तुमचा हात बसलेला आहे.” मला भाकरी टाकायच्या होत्या, असं मी सांगितलं. टाकायच्या होत्याच, पण तासाभरानं. ती कपडे वाळत घालायला परसात गेली तेव्हा मी तिच्या खोलीत जाऊन तो उचलून बघितला. केवढा जड! दुसरीच्या इरकलीचा पदर चोरून हातात घेऊन बघावा तसा मी तो उलटसुलट केला. सगळे टाके एकसारखे, कुठं एक डाग नाही. आणि एका कोपऱ्यात चक्क चालू करायचं बटण. बोर्डावरच! पंधरा वर्षं मी नवं मशीन तपासताना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दोन पिना चिकटवून चालू करत आले होते. ती माझी कला होती, शेजारपाजारचे ती बघायला यायचे. इथं नुसतं बोट लावायचं. शेजारी दुसरं बटण होतं, पळवताना मशीन अडकलं तर सगळं पहिल्यासारखं करणारं. मी त्यासाठी बोर्डावरचा सेल काढून, नवऱ्याला चहा करून, मग पुन्हा बसवायचे. बोर्ड परत ठेवला आणि त्याच्यावर पिठाचे हात उमटले नाहीत ना ते बघितलं. पीठ नव्हतं. भाकरी अजून टाकायच्याच होत्या ना.

तिनं एकटीनं मशीन जोडलं. पहिल्याच फटक्यात चालू झालं. एक कार्ड आलं होतं, दुसऱ्याचं पार्सल उद्या येणार होतं. तेवढ्या एकावर तिनं चाचणीही घेतली, प्रोसेसर पळवून बघितला. आकडे बघून मी तोंडभर “छान” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. खंडोबाचा वार. आमच्या घरात नवं काहीही आलं, मोटारसायकल असो की मिक्सर, त्याच्यावर भंडारा पडल्याशिवाय ते कामाला लावायचं नाही. आत्या वाटीत भंडारा आणि खोबऱ्याचे तुकडे घेऊन आल्या. दुसरं कार्ड बसवायचं म्हणून धाकटीनं मशीन टेबलावर आडवं ठेवलं होतं, बाजूची काच काढलेली, रिकामा स्लॉट वर तोंड करून उघडा.

आता सांगायचं ते सांगते. हळद लावणं आणि भंडारा उधळणं यातला फरक आत्यांना पक्का ठाऊक आहे. त्या उधळतात. मूठभर, वरून, देवळात उधळतात तसा. आमच्या पहिल्या कॉम्प्युटरच्या वेळी मी त्याची किंमत मोजली होती, दोन दिवस ब्रश घेऊन बसले होते. तेव्हापासून प्रत्येक मशीनच्या वेळी मी आधी जुन्या अल्बमचा प्लास्टिकचा कागद वर पसरते आणि रिकाम्या स्लॉटांत कागदाच्या घड्या घालते. आत्यांना वाटतं हे काहीतरी सोवळ्याचं आहे, म्हणून त्यांनी कधी हरकत घेतली नाही. लातूरला धाकटीच्या माहेरी मशीनला हळदीकुंकवाचं बोट लावतात, झालं. तिला आमची मूठ माहीत नव्हती.

तो प्लास्टिकचा कागद त्याच टेबलाच्या खणात होता. माझा हात खणापर्यंत गेला. मी खण थोडा ओढलासुद्धा. धाकटी डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून, डोळे मिटून उभी होती. एवढी सुंदर आणि शहाणी दिसत होती की मी खण परत ढकलला.

“येळकोट येळकोट!” आत्या म्हणाल्या.

“जय मल्हार!” आम्ही म्हणालो. मी सगळ्यात मोठ्यानं.

तिनं डोळे उघडले तेव्हा बोर्ड पिवळाधमक झाला होता. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी क्षणभर सरकलं, पण तिनं वाकून आत्यांच्या पाया पडून घेतलं. मग सगळे गेल्यावर ब्लोअरनं भंडारा उडवला, दिसला तिथं ब्रशनं झाडला. दुपारी कार्ड आलं, तिनं ते दुसऱ्या स्लॉटात दाबून बसवलं. स्लॉट म्हणजे काळी, अरुंद फट. त्यात खाली काय उरलंय ते वरून दिसत नाही.

दुसरं कार्ड काही केल्या दिसेना.

पंखे फिरत होते, दिवे लागत होते, पण मशीन म्हणायचं कार्ड एकच. तिनं कार्ड काढून परत बसवलं. कार्डांची अदलाबदल केली, तर दोन्ही कार्डं पहिल्या स्लॉटात ठणठणीत. म्हणजे कार्डं चांगली. ते बटण दाबून सगळं पहिल्यासारखं केलं. पळवणं बंद केलं. दोन दिवस ती जेवायला पाच मिनिटं यायची आणि परत जायची. बोर्ड खराब म्हणून परत पाठवला तर नवा यायला आठ-दहा दिवस, आणि फिल्म द्यायचा दिवस पाच दिवसांवर आला होता. एका कार्डावर फिल्म तेवढ्यात होत नव्हती.

“हिचा बोर्ड घ्येतला असता तर ही येळ आली नसती,” नवरा पहिल्या दिवशी जेवताना म्हणाला.

“थोरलीला इचारून करावं,” आत्या म्हणाल्या.

त्या दिवशी मला दोन भाकरी जास्त गेल्या. खोटं कशाला बोलू? पंधरा वर्षांत असं जेवण झालं नव्हतं. माझा बोर्ड घेतला असता तर दुसरं कार्ड बसलंच नसतं, हे सगळे विसरले होते. मी आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी जास्तीची भाकरी मात्र गेली नाही. धाकटी ताटावर नुसती बसून होती. नंतर ती दिराशी बोलताना कानावर आलं, “जाऊ आपण पुण्याला. मला साधा बोर्ड निवडता येईना, मी काय लोकांची कामं करणार?” मी भांडी घासत होते, नळ बंद करून ऐकलं. मला वाटलं होतं हे ऐकून मला गार वाटेल. जातायत, जाऊ देत. घरात मशीनमधलं कळणारी पुन्हा मी एकटी.

मग ती माझ्याकडं स्वयंपाकघरात आली. दारात उभी राहून म्हणाली, “अक्का, तुमचं बरोबर होतं. मी बोर्ड चुकीचा घेतला.”

हेच वाक्य मला हवं होतं. बैठकीत तिनं तो पुठ्ठा काढला त्या क्षणापासून मी याचीच वाट बघत होते. आणि ते आलं ते धादांत खोटं आलं. तिनं बोर्ड बरोबरच घेतला होता. मी उचलून बघितला होता. त्याच्यासारखा बोर्ड माझ्या हातात जन्मात आला नव्हता. तिची मला दया आली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं नव्हतं. मला बोर्डाची दया आली. एवढ्या गुणी वस्तूला सगळं घर दोन दिवस नावं ठेवत होतं, आणि माझ्या पोटच्या पोराला कुणी चोर म्हणावं तसं मला आतून व्हायला लागलं.

“चल,” मी हात पुसले. “बघू दे मला.”

कार्ड काढलं. माझं सामान आणलं: बारीक चिमटा, मऊ ब्रश, स्पिरिट. मोबाइलची बॅटरी तिच्या हातात दिली आणि स्लॉटात तिरपी धरायला सांगितली. तळाशी, पिनांना चिकटून, खोबऱ्याचा एक तेलकट कण बसला होता, आणि त्याच्या आजूबाजूला भंडारा दाबून बसलेला. कार्डानंच तो ठासला होता. मी कण चिमट्यानं काढून तळहातावर ठेवला. मग ब्रश स्पिरिटात बुडवून फिरवला. ब्रश पिवळा झाला. पुसला, पुन्हा फिरवला, पुन्हा पिवळा. तिच्या हातातली बॅटरी हलत नव्हती.

चौथ्या वेळी ब्रश स्वच्छ निघाला.

“अक्का,” ती म्हणाली. “स्टुडिओतली मशीनं तुम्ही पूजेच्या आधी झाकता ना? दादा सांगत होते एकदा.”

“झाकते.”

“या वेळी सांगायचं राहून गेलं का?”

तिनं मला वाट करून दिली होती, अगदी रुंद. नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तरी मी सुटले असते. चिमटा हातात धरून मी त्या स्लॉटाकडं बघत राहिले, आणि मला स्वतःचाच एवढा कंटाळा आला की ‘व्हय’ म्हणवेना.

“राहून न्हाय गेलं,” मी म्हणाले. “खण उघडला होता. परत लावला.”

तिनं बॅटरी बंद केली. स्पिरिट उडून जायला थोडा वेळ लागतो, तेवढ्या वेळात मी चिमटा आणि ब्रश पुसून ठेवले. मग तिनं कार्ड उचलून माझ्यापुढं धरलं. मी ते स्लॉटात ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, खटका बसल्याचा आवाज आला. बोर्डावरचं बटण तिनं मला दाबू दिलं. पडद्यावर दोन कार्डं आली. दोन्हींना आठ-आठ लेन.

तिनं ताबडतोब फिल्म लावली. पत्र्याखालच्या त्या खोलीत मशीन पाच दिवस पळत राहिलं आणि मी येताजाता त्या ठोकळ्याजवळ हात नेऊन बघत राहिले. तापला, पण हबकला नाही. कामापुरतं ती माझ्याशी बोलायची. मीठ कुठं आहे, आकडा किती झाला. ती घरात सांगणार, याची मी वाट बघत होते. मनात उत्तरं जुळवत होते, भांडणाची, रडण्याची, उलट आवाज चढवण्याची. चोराच्या मनात चांदणं. तिनं दिराला तरी सांगितलं असेल असं वाटायचं, पण तो माझ्याशी पूर्वीसारखाच, चहा अजून एक कप मागणारा.

फिल्म ठरल्या दिवशी गेली. चार दिवसांनी संध्याकाळी फोन आला, काम मिळालं. कायमचं. कुठं जायचं नाही. आत्यांनी देवापुढं साखर ठेवली, मी सगळ्यांना चहा केला. बैठकीत सगळे बसले होते आणि तेव्हा कुठं नवऱ्याला आठवलं.

“पण झालं काय हुतं गं त्या बोर्डाला? परत पाठवायची भाषा करत हुतीस.”

माझ्या हातात ट्रे होता. तो मी घट्ट धरला.

“काही नाही दादा,” धाकटी म्हणाली. “कार्ड मीच वाकडं बसवलं होतं. पुस्तकं वाचून हात बसत नाही. अक्कांनी एका मिनिटात नीट बसवलं.”

“बगा,” आत्या म्हणाल्या, “एवढं शिकून शेवटाला थोरलीच कामाला आली.”

नवरा हसला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बैठकीच्या दारात आलं होतं, त्यालाच सांगायला लागला, “आमच्या हिच्या हाताला गुण आहे बरं का. मशीनचं काहीबी असू दे, हिला विचारायचं. मला काय विचारू नका.” पडद्याआड नाही. माझ्याकडं बोट करून, चार माणसांत. पंधरा वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघितली ते हे.

धाकटी बशीत चहा ओतत होती. तिनं मान वर केली नाही. मला उपकार दिसू नयेत, माझी नजर खाली जाऊ नये, म्हणून तिनं वर बघितलं नाही, हे मला कळलं. तिच्या जागी मी असते तर सगळं सांगितलं असतं, खणासकट, आणि वर आत्यांकडून शाबासकी घेतली असती. शिकलेली आहे, कमावते आहे, बोर्ड निवडता येतो, एवढं मी कसंबसं गिळलं होतं. पैसे साठले की तसला बोर्ड मीही घेईन एखाद वेळी. पण माणसं एवढं चांगलं खोटं कुठून आणतात? सगळे माझं कौतुक करत होते, आणि मी ट्रे धरून उभी राहून तिच्यावर जळत होते.